नर्सिंगची स्कॉलरशिप: किती मिळते याआधी विचारायचे प्रश्न

नर्सिंगला ॲडमिशन घ्यायला आलेली मुलगी असो की तिचे आईबाबा, पहिला प्रश्न ठरलेला असतो. स्कॉलरशिप किती मिळते? प्रश्न रास्त आहे, पण नुसता आकडा कळून भागत नाही. तो पैसा फीचा आहे की राहण्याखाण्याचा? कॉलेजच्या खात्यात जाणार की तुमच्या? गणपतीच्या आसपास येणार की पुढच्या मार्चला? आणि बदल्यात तुम्ही कशावर सही करताय? हे विचारून ठेवलं नाही, तर मंजूर झालेली स्कॉलरशिपसुद्धा गरजेच्या महिन्यात हाताशी नसते. नर्सिंगच्या मुलामुलींचे फॉर्म भरायला मी मदत करते. नडतं ते बहुतेक वेळा याच प्रश्नांपाशी.

नर्सिंगच्या विद्यार्थ्याला हा पैसा इतरांपेक्षा जास्त का लागतो, ते आधी सांगते. बी.कॉम. करणारी मुलगी सकाळचं कॉलेज आटपून दुपारी कुठेतरी चार पैसे मिळवू शकते. नर्सिंगच्या मुलीला ते जमत नाही. सकाळी सातला वॉर्डात पोस्टिंग, दुपारी लेक्चर, रात्री केअर प्लॅन आणि प्रॅक्टिकलची रेकॉर्ड बुकं. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमांप्रमाणे थिअरीला ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी हातात पडण्याआधी प्रॅक्टिकलचे तास शंभर टक्के भरावे लागतात. आजारपणात बुडालेली पोस्टिंगही नंतर भरून द्यावी लागते. शिकता शिकता कमवायची वाट जवळपास बंदच असते. वर युनिफॉर्म, पांढरे बूट, सेकंद काट्याचं घड्याळ, पोस्टिंगच्या हॉस्पिटलपर्यंतचं भाडं. या गोष्टी फीच्या पावतीत कुठेच दिसत नाहीत, पण पहिल्या महिन्यातच लागतात.

आता पैशांचे प्रकार. आपण सरसकट स्कॉलरशिप म्हणतो त्यात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात.

पहिला प्रकार विद्यावेतनाचा, म्हणजे स्टायपेंड. केईएम, सायन, नायर यांसारख्या मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांच्या नर्सिंग शाळांमध्ये विद्यार्थ्यांना तो मिळतो. फीही अगदी कमी असते. म्हणूनच तिथल्या जागांसाठी एवढी चुरस. सीईटीत चांगले मार्क पडले असतील, तर पसंतीक्रम भरताना खाजगी कॉलेजची चकाचक इमारत बघू नका, सरकारी आणि महापालिकेच्या जागा वर ठेवा. मी हे ठामपणे सांगते, कारण या जागेइतकी मोठी स्कॉलरशिप दुसरी कुठलीच नाही.

दुसरा प्रकार फी माफीचा किंवा प्रतिपूर्तीचा. राज्य सरकारच्या बहुतेक योजना यात येतात आणि त्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात. अनुसूचित जाती आणि जमातींसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्न मर्यादा वर्षाला अडीच लाख. खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिची मर्यादा आठ लाख आणि त्यात ट्यूशन फीचा निम्मा भार सरकार उचलतं. जुलै २०२४ मध्ये राज्याने मोठा निर्णय घेतला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. २०२४-२५ पासून ते लागू झालं. नर्सिंगला मुलीच जास्त, त्यामुळे कितीतरी घरांवरचं ओझं उतरलं. मुलांना मात्र ही पूर्ण माफी नाही, त्यामुळे ब्रदर होऊ इच्छिणाऱ्यांनी आपला हिशोब वेगळा मांडावा.

इथे एक मेख आहे आणि ती ॲडमिशनच्या दिवशीच कळली पाहिजे. या सवलती सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून मिळालेल्या जागेवर असतात. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्था पातळीवर घेतलेल्या जागेला त्या लागू होत नाहीत. अभिमत विद्यापीठंही वर सांगितलेल्या मुलींच्या फी माफीतून वगळलेली आहेत. एजंट सांगतो, "आत्ता सीट पकडा, स्कॉलरशिपचं नंतर बघू." नंतर बघण्यासारखं काही उरलेलं नसतं. चार वर्षांची पूर्ण फी अंगावर येते.

दुसरी गोष्ट, माफी मुख्यतः ट्यूशन फीची असते. खाजगी विनाअनुदानित कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं. २०१५ च्या कायद्याने त्याला तो अधिकार आहे, आणि कुठल्या कॉलेजला किती फी मंजूर आहे ते त्यांच्या वेबसाइटवर कोणालाही बघता येतं. ॲडमिशनला जाण्याआधी तो आकडा बघा आणि कागदावर लिहून न्या. काउंटरवर त्याहून जास्त मागितले, तर कशाचे ते विचारा आणि पावती मागा. हॉस्टेल, मेस, बस यांचे पैसे वेगळे असणारच, पण ते वेगळे म्हणून दिसले पाहिजेत.

पैसे कोणाच्या खात्यात पडतात, ते आता जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे नियम २०२१ मध्ये बदलले. खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. पूर्वी फी परस्पर कॉलेजला जायची आणि विद्यार्थ्याच्या हातात फक्त निर्वाह भत्ता यायचा. आता केंद्राचा वाटा फीसकट थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो आणि त्यातली फीची रक्कम तिने कॉलेजला नेऊन भरायची असते. घरी कोणालाच हे ठाऊक नसतं. एक दिवस मोबाइलवर मोठ्या रकमेचा मेसेज येतो. घरात कोणाचं तरी आजारपण चालू असतं, पाऊस तोंडावर असल्याने छपराचं काम काढलेलं असतं, पैसे तिकडे जातात. मग परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी ऑफिसमधून बोलावणं येतं. त्या मुलीला उधळी म्हणू नका, तिला कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून खात्यात पैसे आले की पहिल्याच आठवड्यात ऑफिसला जाऊन त्यातली फी किती ते विचारा, तेवढी भरा आणि पावती घ्या. उरलेला भत्ता तुमचा. नर्सिंगची पदवी या योजनेच्या दुसऱ्या गटात येते आणि त्या गटाला हॉस्टेलवर राहणाऱ्यांसाठी वर्षाला ९,५०० रुपये, घरून ये-जा करणाऱ्यांसाठी ६,५०० रुपये भत्ता ठरलेला आहे.

खात्याबद्दलचीच आणखी एक अडचण. सरकारी पैसा खाते क्रमांक बघून येत नाही, आधार बघून येतो. तुमचा आधार ज्या बँकेशी सगळ्यात शेवटी जोडला गेला असेल, त्या बँकेत पैसे पडतात. बँकेत खातं उघडताना आधारची झेरॉक्स दिली म्हणजे आधार जोडला गेला, असा बहुतेकांचा समज असतो. ती केवायसी झाली. डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी, आधार सीडिंग वेगळं करावं लागतं, त्याचा वेगळा फॉर्म असतो. कितीतरी मुलींचा आधार दहावीत असताना गावच्या बँकेत जोडलेला असतो, ते खातं वापराविना बंद पडलेलं असतं, आणि मुलगी इथे परळच्या शाखेत पासबुक भरून भरून थकते. फॉर्म भरण्याआधी आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस बघा. बँकेचं नाव आणि तारीख दिसते. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते राहिलं तर पूर्ण वर्ष वाट बघावी लागते.

कागदपत्रांची यादी सगळीकडे लावलेली असते, ती इथे परत देत नाही. अडतं कुठे ते सांगते. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच हवा आणि चालू वर्षाचा हवा. राखीव जागेवर ॲडमिशन असेल, तर जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्रही लागतं, आणि त्याला वेळ लागतो. बारावीत असतानाच त्याचा अर्ज टाका. ओबीसीचं नॉन-क्रिमिलेयर मुदतीत आहे ना ते बघा. मध्ये एखादं वर्ष गेलं असेल, तर गॅप सर्टिफिकेट लागतं. आणि नाव! बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, बँकेत वडिलांचं नाव गाळलेलं. पोर्टलला या तीन वेगळ्या मुली वाटतात. तिन्हीकडे नाव एकसारखं करून घेणं कंटाळवाणं आहे, पण दहावीनंतरच्या सुट्टीतच उरकलेलं बरं. अर्ज भरल्यावरही लॉगिन करून स्टेटस बघत राहा. कॉलेजच्या क्लार्कने किंवा समाजकल्याण कार्यालयाने त्रुटी काढून अर्ज परत पाठवलेला असतो आणि मुलीला वाटत असतं की काम झालं.

आता मुंबईत राहण्याचा प्रश्न. जव्हार, महाड, चिपळूण, जालन्याहून आलेल्या मुलीला फी माफ झाली तरी रात्री झोपायचं कुठे? सरकारी वसतिगृहात जागा मिळाली तर उत्तम. नाही मिळाली, तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबईत शिकणाऱ्यांसाठी तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपये. त्यात ३२,००० जेवणाचे, २०,००० राहण्याचे आणि ८,००० निर्वाहाचे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना त्याच धर्तीवर आहे, आणि ओबीसी, भटक्या विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. या योजना बाहेरगावाहून आलेल्यांसाठी आहेत. मुंबईचीच रहिवासी असाल तर स्वाधार मिळत नाही.

राहण्याचे वर्षाला वीस हजार म्हणजे महिन्याला साधारण १,६६७ रुपये झाले. दादर-परळ सोडाच, डोंबिवलीला पीजीमध्ये एका कॉटची जागाही त्यात मिळणं मुश्कील आहे. तिथून सातच्या पोस्टिंगला पोचायचं तर पहाटे साडेचारला उठायला हवं. या मुली रात्री पेशंटच्या उशाशी जाग्या राहायला शिकतायत, त्यांना नीट झोपायला जागा नाही, याचा मला राग येतो. भत्ता वाढायला हवा, आणि त्याहून आधी नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी हॉस्पिटलच्या आवारात किंवा जवळपास वसतिगृहं हवीत. तोवर ॲडमिशन घेताना फीच्या आधी हॉस्टेलबद्दल विचारा. हॉस्टेल असलेलं साधं कॉलेज हे हॉस्टेल नसलेल्या नावाजलेल्या कॉलेजपेक्षा स्वस्त पडतं.

एक मदत अगदी शेजारी असून दिसत नाही. वडील किंवा आई कारखान्यात, दुकानात, कंपनीत नोकरीला असतील, तर त्यांची जून आणि डिसेंबरची पगाराची स्लिप काढून बघा. त्यात कामगार कल्याण निधी म्हणून छोटीशी रक्कम कापलेली दिसेल. ती कापली जात असेल तर तो कामगार महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या योजनांना पात्र असतो, आणि त्यात मुलांच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती आहे. मंडळाचं मुख्यालय प्रभादेवीला आहे. बांधकाम मजुरांसाठी मंडळ वेगळं आहे, तिथे आईवडिलांची नोंदणी जिवंत असेल तर दोन मुलांना शैक्षणिक मदत मिळते. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराची मुलगी नर्स होतेय आणि त्याची नोंदणी दोन वर्षं रिन्यू झालेली नाही, अशी उदाहरणं मी पाहिली आहेत. शक्य असेल त्याने ओळखीच्या मजुरांना याची आठवण करून द्यावी.

तिसरा प्रकार ट्रस्ट आणि कंपन्यांच्या पैशाचा. रिलायन्स फाउंडेशनची पदवीची स्कॉलरशिप पहिल्या वर्षाच्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी असते आणि पूर्ण पदवीकाळात मिळून दोन लाखांपर्यंत देते. तिला एक ऑनलाइन चाचणी असते आणि शाखेची अट नाही, म्हणजे बी.एस्सी. नर्सिंगलाही अर्ज करता येतो. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) ही नर्सिंगची पदविका आहे, तिला ही स्कॉलरशिप लागू नाही. मुंबईत जुने धर्मादाय ट्रस्टही पुष्कळ आहेत. ते एका विद्यार्थ्याला फार मोठी रक्कम देत नाहीत, पण दोन-तीन ट्रस्ट मिळून एक वर्ष निघून जातं. तिथे पत्र लिहावं लागतं. "माझी परिस्थिती हलाखीची आहे, तरी मदत करावी" एवढ्याने काम होत नाही. वर्षाचा खर्च किती, सरकारी योजनेतून किती आले, घरून किती जमतील, तूट किती, हे चार आकडे लिहा आणि बोनाफाईड, फीची पावती, मार्कशीट जोडा. मागच्या वर्षी मदत मिळाली असेल, तर निकाल आपणहून कळवा. ट्यूटर मंडळींना माझी विनंती आहे, असं एक पत्र वर्गात बसून सगळ्यांकडून लिहून घ्या. हुशार मुलगी केवळ अर्ज लिहिता येत नाही म्हणून मागे राहू नये.

कर्ज ही स्कॉलरशिप नव्हे, पण शेवटी अनेकांना घ्यावं लागतं म्हणून थोडक्यात. शैक्षणिक कर्जाला चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी शिकत असतानाच्या काळातलं व्याज केंद्राने भरायची योजना आहे. कॉलेज मान्यताप्राप्त आहे ना हे बँक बघतेच, पण तुम्ही आधी बघा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची आणि आरोग्य विद्यापीठाची मान्यता नसेल तर कर्जही नाही आणि पुढे रजिस्ट्रेशनही नाही.

मग राहतो बाँड. एखादं हॉस्पिटल म्हणतं, तुझी फी आम्ही भरतो, शिकून झाल्यावर आमच्याकडे दोन वर्षं काम कर. हे वाईटच असतं असं नाही. पण सही करण्याआधी तीन ओळी शोधा. नोकरीत पगार किती धरला आहे, मध्येच सोडलं तर किती भरावे लागतील, आणि मूळ प्रमाणपत्रं कोणाकडे राहणार. पगाराचा आकडा नसेल तर सही करू नका. मूळ मार्कशीट आणि रजिस्ट्रेशन कोणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नका. ती कागदपत्रं तुमची आहेत. बाँडसाठी ती अडकवून ठेवण्याला इंडियन नर्सिंग कौन्सिलनेही विरोध केलेला आहे.

इथवरचं सगळं विद्यार्थ्यांसाठी. नोकरीला लागलेल्या सिस्टरसाठी दारं एकदम कमी होतात आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. जीएनएम झालेल्या सिस्टरला पोस्ट बेसिक बी.एस्सी. करायचं तर दोन वर्षं, पुढे एम.एस्सी. आणखी दोन वर्षं. तोवर तिचं लग्न झालेलं असतं, घराचा हप्ता सुरू असतो. तिच्यासाठी फी हा छोटा खर्च, खरा खर्च दोन वर्षांचा बुडालेला पगार. म्हणून नोकरीतल्या नर्ससाठी पगारी अध्ययन रजा हीच खरी स्कॉलरशिप. सरकारी सेवेत ती आहे. महाराष्ट्र नागरी सेवा रजा नियम, १९८१ यांत अध्ययन रजेची तरतूद आहे. परत येऊन सेवा करण्याचं बंधपत्र द्यावं लागतं. खाजगी हॉस्पिटलात असा नियम नसतो, म्हणून मागावं लागतं. मेट्रनकडे, म्हणजे नर्सिंगच्या प्रमुखांकडे, लेखी अर्ज द्या. पूर्ण रजा नाही, तर अर्धा पगार, अभ्यासाच्या काळात नाईट माफ, परीक्षेला सुट्टी, यातलं काहीतरी पदरात पडतं. तोंडी विचारलं तर काहीच पडत नाही.

कमी काळाचा मार्ग हवा असेल, तर एक वर्षाच्या पोस्ट बेसिक पदविका आहेत. क्रिटिकल केअर, नवजात शिशू, कर्करोग असे विषय. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये कर्करोग परिचर्येचं शिक्षण मिळतं. क्रिटिकल केअरमध्ये नर्स प्रॅक्टिशनर हा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रमही आहे, त्यात बहुतेक शिकणं आयसीयूतच होतं. आयसीयूत चार-पाच वर्षं काढलेल्या सिस्टरला तो सोयीचा वाटेल.

ट्रेंड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही परिचारिकांची १९०८ पासूनची संघटना. तिच्या सभासदांना उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या असतात. आधी सभासद असावं लागतं, म्हणून सभासदत्व वेळेत घेऊन ठेवा.

परदेशी शिकायचं असेल तर मुंबईतच एक जुना पत्ता आहे. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ साली सुरू झालं. त्याच्या आदल्याच वर्षी जे. जे. रुग्णालयात बाई काशीबाई गणपत प्रशिक्षणाला आल्या. पहिल्या भारतीय प्रशिक्षित परिचारिका म्हणून त्यांचं नाव आपण पहिल्या वर्षाच्या पुस्तकात पाठ करतो. एंडोमेंटची मदत कर्जाऊ असते, फेडावी लागते, आणि विषयाचं बंधन नाही. तरी माझ्या ओळखीतल्या फार थोड्या सिस्टरनी तिथे अर्ज केला आहे. ते इंजिनिअर-डॉक्टरांसाठी असतं, असं आपणच ठरवून टाकलेलं आहे. लेडी मेहेरबाई डी. टाटा एज्युकेशन ट्रस्ट पदवीधर महिलांना परदेशातल्या पुढच्या शिक्षणासाठी मदत करतो, त्यात सार्वजनिक आरोग्य हा विषय आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागा. ब्रिटन सरकारच्या शेवनिंग शिष्यवृत्तीला किमान दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, आणि शिकून झाल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. नोकरीतले वॉर्डातले तास, नाईट ड्युटीसकट, या अनुभवात धरले जातात. म्हणून नोकरी बदलताना अनुभवाचा दाखला तारखा आणि आठवड्याचे तास लिहून मागा. "वर्क सॅटिसफॅक्टरी" एवढंच लिहिलेला कागद या अर्जांना पुरत नाही. जुन्या हॉस्पिटलचा एचआर दोन वर्षांनी फोन उचलेलच असं नाही, तेव्हा शेवटच्या दिवशी क्लिअरन्सच्या कागदाबरोबरच तो दाखला हातात घ्या आणि मगच आयडी कार्ड जमा करा.